तारखेच्या शेजारचा रकाना

वकिलांच्या कार्यालयात सहायक म्हणून रुजू होऊन मला तीन महिने झाले होते आणि हे काम आपल्याला बऱ्यापैकी जमू लागले आहे असा माझा समज झाला होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका अशिलाला करारभंगाची नोटीस आली होती. तिला तीस दिवसांत उत्तर देणे करारानुसार आवश्यक होते आणि उत्तर न गेल्यास करार संपुष्टात आणण्याचा अधिकार समोरच्या पक्षाला मिळणार होता. नोटीस अशिलाच्या हाती १२ तारखेला पडली होती. महिना ३१ दिवसांचा होता, म्हणून मी बारात तीस मिळवले, त्यातून एकतीस वजा केले आणि डायरीत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेभोवती लाल शाईने गोल काढला. नोटीस फाइलला लावली आणि तिचे पाकीट पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकून दिले.

आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ कारकून आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. पाठकोरे कागद कापून त्यांच्या चिठ्ठ्या करण्याची त्यांना जुनी सवय आहे. मुदतीच्या महिन्यातील ८ तारखेला दुपारी त्यांनी ते पाकीट हातात घेतले, एक कोपरा कापला आणि मग थांबून त्यावरचा टपालाचा शिक्का चष्म्याजवळ धरून पाहिला. शिक्का आधीच्या महिन्यातील ७ तारखेचा होता. त्यांनी मला करार आणायला सांगितला आणि शेवटून दुसरे पान उघडले. नोटीस कशी बजावायची याचे कलम तिथे होते. बहुतेक करारांत ते असते आणि सहसा कोणी वाचत नाही. नोटीस टपालात टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी ती मिळाली असे मानले जाईल, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे मोजणी १२ पासून नव्हे, तर १० पासून करायची होती आणि मुदत ११ ला नव्हे, तर ९ ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी संपत होती.

हे प्रकरण पाहणाऱ्या वकील मॅडम रागावल्या नाहीत; रागवायला वेळही नव्हता. त्या रात्री उशिरापर्यंत त्या उत्तर सांगत होत्या आणि मी टंकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत आमचा माणूस ते हातोहात पोचवून सही-शिक्क्याची पोच घेऊन आला. नंतर काकांनी माझी डायरी मागून घेतली. मला वाटले, आता चुकीबद्दल ऐकावे लागणार. पण ते एवढेच म्हणाले, “यात नुसती ११ लिहिली आहेस. ती बरोबर आहे की चूक, हे मला डायरीवरून कळणारच नाही. कुठून मोजलीस ते कुठे आहे?”

पुढच्या दीड वर्षात मी ज्या काही सवयी लावून घेतल्या, त्यांचे मूळ या प्रश्नात आहे. चुकीचे कारण निष्काळजीपणा आहे असे मी सुरुवातीला धरून चालले होते आणि उपाय म्हणून ‘आता जास्त लक्ष द्यायचे’ असे स्वतःला बजावले होते. हा उपाय निरुपयोगी आहे, हे पंधरा दिवसांतच कळले, कारण ती बेरीज मी लक्ष देऊनच केली होती. गृहीतक चुकले होते आणि ते कोठेच लिहिलेले नसल्यामुळे दुसऱ्या कोणाला, किंबहुना मलाही, ते दिसण्याची सोय नव्हती.

म्हणून डायरीऐवजी मी संगणकावर एक तक्ता केला. त्यात तारखेच्या शेजारी एक रकाना वाढवला आणि त्याला ‘मोजणीचा आधार’ असे नाव दिले. कोणत्या घटनेपासून मोजले, ती घटना कोणत्या कागदावरून सिद्ध होते, कोणते कलम किंवा कोणता नियम लावला, पहिला दिवस धरला की सोडला, हे सगळे त्यात एका ओळीत लिहायचे. त्यापुढचा रकाना ‘तपासणी’ हा. तो रिकामा असेपर्यंत ती तारीख पक्की धरायची नाही. हा रकाना भरताना किती गोष्टी आपण न वाचताच गृहीत धरत होतो, हे एकेक करून उघड होऊ लागले. मुदत मोजताना पहिला दिवस बहुधा सोडतात, हे मला माहीत होते; परंतु ‘पूर्ण दिवस’ असा शब्दप्रयोग असेल तर दोन्ही टोकांचे दिवस सोडावे लागतात, हे माहीत नव्हते. शेवटचा दिवस सुटीचा आला तर न्यायालयाची मुदत साधारणपणे पुढच्या कामाच्या दिवशी सरकते, पण करारातली मुदत आपोआप सरकेलच असे नाही. ‘एक महिना’ आणि ‘तीस दिवस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ३१ जानेवारीपासूनचा एक महिना फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतो. यातले काहीच अवघड नाही. फक्त प्रत्येक वेळी संबंधित मजकूर उघडून पाहावा लागतो आणि ‘आधार’ लिहायचा असल्याशिवाय माणूस तो उघडत नाही.

यंत्रावर हे काम सोपवून मोकळे होता येईल, असाही एक मोह मला झाला होता. एक्सेलमध्ये कामाचे दिवस मोजण्याचे सूत्र आहे. ते शनिवार-रविवार आपोआप वगळते. पण न्यायालयाच्या सुट्या त्याला आपण यादी करून दिल्याशिवाय कळत नाहीत आणि ती यादी मागच्या वर्षीची राहिली तर ते कोणतीही कुरकुर न करता चुकीचे उत्तर देते. याच एक्सेलला २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीखही मान्य आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळवून घेताना आलेला तो दोष आहे आणि तो आजतागायत तसाच ठेवलेला आहे. रोजच्या कामात त्याने काही बिघडत नाही, तरी सूत्रावर डोळे मिटून विसंबायचे मन झाले की मला तो आठवतो. मी सूत्र वापरते, पण दिनदर्शिका समोर ठेवून बोटाने एकदा मोजतेच.

दिवसाची घडी बसवायला याहून जास्त वेळ लागला आणि त्यात माझे दोन-तीन प्रयोग साफ फसले. सर्वांत आधी मी पोमोडोरो पद्धत करून पाहिली. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास करताना ती बसवली. पंचवीस मिनिटे एकच काम आणि मग पाच मिनिटे विश्रांती, अशी तिची रचना आहे. ज्याच्या टेबलावर फोन नाही आणि ज्याला आतल्या केबिनमधून हाक येत नाही, त्याच्यासाठी ती उत्तम असावी. माझी पंचवीस मिनिटे कधी सलग मिळालीच नाहीत. चारशे पानांच्या संचाला पृष्ठक्रमांक घालताना अकराव्या मिनिटाला फोन येई, तो संपवून परतल्यावर २१७ झाले होते की २१८, हे आठवेना आणि मग मागची दहा पाने पुन्हा पाहावी लागत.

तेव्हा मी वेळेऐवजी पानांचे माप धरले. पन्नास पाने हा एक टप्पा. शिवाय एक नियम केला की फोन कितीही वाजत असला, तरी तो उचलण्यापूर्वी पुढे काय करायचे ते समोरच्या चिठ्ठीवर लिहायचे : ‘२१८ पासून. २०३ ची प्रत अस्पष्ट, नवी मागवणे.’ याला चार सेकंद लागतात आणि चार सेकंदांत फोन बंद होत नाही. अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहते आणि त्यामुळे पुढचे काम निकृष्ट होते, असे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले होते. परत येऊन काय करायचे हे थोडक्यात लिहून ठेवल्यास तो त्रास कमी होतो, हे त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात आले. मला हे खूप नंतर वाचायला मिळाले. चिठ्ठ्यांचे कागद मात्र काकांच्या गठ्ठ्यातलेच होते.

सकाळी आल्याआल्या ईमेल उघडण्याची सवय सोडली. पहिला अर्धा तास तक्त्याचा. पुढच्या चौदा दिवसांत, सात दिवसांत आणि दोन दिवसांत काय संपते आहे ते पाहायचे आणि दोन दिवसांच्या आतले जे असेल ते संबंधित वकिलांना तोंडी सांगायचे. लेखी स्मरणपत्र वाचले गेले असे समजण्यात अर्थ नसतो.

खरी अडचण कामाच्या प्रमाणाची नव्हती, ते तीन दिशांनी येत असे ही होती. आमच्याकडे तीन वकील आहेत आणि तिघांचेही काम ‘अर्जंट’ असते. तिघांना ‘हो’ म्हणायचे, मग संध्याकाळी सातला दोन कामे उरली म्हणून अपराधी वाटून घ्यायचे, असे माझे कित्येक महिने गेले. एके दिवशी दुपारी साडेतीनला तिघांनी तीन कामे पाचपर्यंत मागितली : एकांना प्रतिज्ञापत्राच्या जोडपत्रांचा संच हवा होता, दुसऱ्यांना साक्षीच्या कागदांतल्या घटनांचा कालक्रम आणि तिसऱ्यांना एका जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत कुठे आहे याचा शोध. मी तिन्ही कामे एका कागदावर लिहिली, प्रत्येकापुढे लागणारा अंदाजे वेळ लिहिला, बेरीज साडेतीन तास आली, आणि तो कागद घेऊन तिघे चहाला उभे होते तिथे जाऊन म्हणाले, “पाचपर्यंत यातलं एक पूर्ण होईल. कोणतं करू?” क्षणभर कोणी बोलले नाही. मग कालक्रम परवाच्या बैठकीसाठी हवा आहे, आजच नको, हे त्यांच्याच बोलण्यातून निघाले आणि आदेशाची प्रत मॅडमच्या बॅगेतच होती. तेव्हापासून कोणतेही काम घेताना मी ते केव्हापर्यंत हवे, कोणत्या रूपात हवे आणि त्यासाठी हातातले काय बाजूला ठेवू, एवढे विचारून घेते. हे उद्धटपणाचे वाटेल अशी भीती मला होती. ज्येष्ठांना हे विचारलेले आवडते असे मी म्हणणार नाही, पण त्यांना न विचारलेले निस्तरणे त्याहून कमी आवडते.

फाइलींच्या नावांबद्दल फार लिहीत नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल मॅडम’ अशा तीन मसुद्यांपैकी दाखल कोणता झाला, हे शोधण्यात ज्याची एक दुपार गेली आहे, त्याला समजवावे लागत नाही. १९८८ मध्ये आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख नावाच्या सुरुवातीला घातली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. मी त्यात एवढीच भर घातली की मसुदा बाहेर गेला, तर कोणाला आणि केव्हा गेला, तेही नोंदवायचे.

बढतीच्या वाटेवर मला पहिले पाऊल कशाने टाकता आले, असे कोणी विचारले, तर मी काळ्या पट्ट्यांची गोष्ट सांगते. एका प्रकरणात साठेक पाने समोरच्या पक्षाला द्यायची होती आणि त्यांतील तिऱ्हाइतांची नावे व खाते क्रमांक झाकायचे होते. मी पीडीएफमध्ये प्रत्येक ठिकाणी काळा चौकोन काढला. काम झाल्यावर ‘आधार’ लिहायच्या सवयीने मनात आले की हे झाकले गेले, हे मी कशावरून म्हणते? डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यावरून. म्हणून एक ओळ निवडून तिची नक्कल साध्या मजकुराच्या पानावर उतरवली आणि काळ्या चौकोनाखालचा खाते क्रमांक जसाच्या तसा समोर आला. चौकोन मजकुराच्या वर नुसता ठेवलेला होता. खालचा मजकूर फाइलमध्ये शाबूत होता. ८ जानेवारी २०१९ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकेतील न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रात नेमके हेच झाले होते आणि पत्रकारांनी काही वेळातच झाकलेला मजकूर वाचून काढला होता.

मी पाने पाठवली नाहीत, मॅडमना जाऊन सांगितले आणि मजकूर कायमचा काढून टाकण्याची वेगळी सोय वापरून काम पुन्हा केले. त्यांनी मला सगळी पद्धत एका पानावर लिहून काढायला सांगितली. त्या पानात चारच गोष्टी आहेत : मूळ फाइलला हात लावायचा नाही, झाकण्यासाठी त्याच कामाची सोय वापरायची, फाइलच्या गुणधर्मांत लपलेली लेखकाची नावे आणि टिपणे पुसायची, आणि पाठवण्यापूर्वी मजकुराची नक्कल करून व शब्द शोधून पाहायचे. आज कार्यालयात हे पान सगळे वापरतात. तोपर्यंत मी सांगितलेले काम करणारी होते. त्यानंतर ‘हे तिला विचार’ असे कोणी कोणाला सांगताना मी पहिल्यांदा ऐकले.

याच्या पुढचे पाऊल संदर्भ तपासण्याचे होते. २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हिआंका या प्रकरणात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. त्यानंतर मसुद्यातील प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडून पाहण्याचे काम माझ्याकडे आले. तक्त्यात आणखी एक रकाना वाढला. बनावट निवाडा मला आजवर सापडलेला नाही, पण निवाडा खरा असून त्यातले वाक्य न्यायालयाचे नव्हे, तर हरलेल्या बाजूच्या युक्तिवादाचे, असे दोनदा सापडले आहे.

या कामाला एक कुंपण आहे, त्याचीही सवय करावी लागली. अशील फोनवर विचारतात, “मग मी सही करू ना? तुमचं काय मत?” उत्तर पुष्कळदा मला ठाऊक असते. तरीही कायदेशीर सल्ला देणे हे माझे काम नाही आणि ‘बहुतेक चालेल’ एवढे दोन शब्दही सल्लाच ठरतात. एकदा माझ्या तोंडून ते निघाले होते आणि पुढचा तासभर मॅडमना त्या अशिलाला पुन्हा सगळे समजावून सांगावे लागले. आता मी प्रश्न अशिलाच्याच शब्दांत लिहून घेते, तो वाचून दाखवते आणि मॅडम किती वाजेपर्यंत फोन करतील ते सांगते. प्रश्नाचा सारांश करायचा नाही, हे महत्त्वाचे, कारण ‘सही करू का’ आणि ‘आधीच केली आहे, ती चालेल का’ यांतला फरक सारांशात वाहून जातो.

वर्ष संपताना कामाच्या आढाव्याची बैठक झाली. कामाच्या वेळेची नोंद आम्ही तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा मिनिटांच्या मापाने ठेवतो. ती मी सुरुवातीला शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरत असे आणि हमखास दोन-तीन तास हरवत. काम संपताक्षणी लिहू लागल्यावर हे थांबले. त्याच वहीत दर शुक्रवारी मी तीन ओळी वेगळ्या लिहीत होते : काय पूर्ण केले, काय नवे जमले, कुठे चुकले. बैठकीत ‘मी फार मेहनत घेते’ असे सांगायचे माझ्या मनात होते, पण ते मेहनत घेणारा आणि न घेणारा दोघेही सांगतात. म्हणून मी पन्नासेक आठवड्यांच्या त्या ओळींतून दीड पान काढून पुढे ठेवले. त्यात ११ ऐवजी ९ तारखेची ती चूकही होती. मॅडमनी ती ओळ वाचली आणि काही न बोलता पान उलटले.

पदनाम त्या वर्षी बदलले नाही, आणि पगारवाढ सगळ्यांना मिळाली तेवढीच मिळाली. याचे मला वाईट वाटले नाही असे म्हटले, तर ते खोटे ठरेल. माझ्यानंतर आलेल्या एकाचे पदनाम माझ्याआधी बदलले आणि त्याचे कारण मला कधी नीट सांगितले गेले नाही. पण त्या बैठकीत मी पगारापेक्षा वेगळे काहीतरी मागितले होते : एका प्रकरणाचे कागद पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत पूर्णपणे माझ्याकडे असावेत. ते मान्य झाले, पण माझ्या तारखा पहिले सहा महिने काका तपासतील, या अटीवर. त्या प्रकरणात २,३०० पानांची सूची, साक्षीदारांचा कालक्रम आणि सुनावणीचे संच मी केले. सुनावणीत मॅडमनी मागे न पाहता हात पुढे केला आणि मी त्यात योग्य खूणचिठ्ठीचे पान ठेवले, असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी चुकीचे ठेवले. पदनाम त्यानंतर आठ महिन्यांनी बदलले.

ज्या नोटिशीपासून हे सुरू झाले, ते प्रकरण मागच्या महिन्यात तडजोडीने मिटले आणि फाइल बंद करण्याचे काम माझ्याकडे आले. मूळ कागद अशिलाला परत करून मी पोच घेतली, उरलेल्यांची यादी केली आणि फाइल नष्ट करण्याची तारीख तक्त्यात भरली. आधाराच्या रकान्यात लिहिले : ‘प्रकरण बंद केल्याच्या पत्राच्या तारखेपासून, पहिला दिवस सोडून.’ काकांची सहा महिन्यांची तपासणी केव्हाच संपली आहे. तरीही मी तक्ता त्यांच्यापुढे नेला, त्यांनी दिनदर्शिका उघडून बोटाने मोजले आणि शेजारी आद्याक्षरे घातली. कोपरा कापलेले ते पाकीट नोटिशीमागे टाचलेले आहे, यादीत त्याचा क्रमांक ४ आहे.